तिचं हसू, तुमची जबाबदारी

माझी मुलगी मॉडेल आहे असं सांगितलं, की लोक आधी भुवया उंचावतात, मग फोटो बघायला मागतात आणि फोटो बघून झाला की तिची तब्येत विचारतात.

यात लोकांचा दोष नाही. फोटोच तसे असतात. एका जाडजूड, गुळगुळीत मासिकात तिचा पानभर फोटो आला होता. पडक्या कारखान्याचं आवार, त्यात एक पाय मोडलेली खुर्ची, तिच्यावर गादीच्या खोळीसारखं काहीतरी अंगात घालून आमची कन्या बसलेली, आणि कॅमेऱ्याकडे अशी बघतेय, की खुर्ची त्यानेच मोडली असावी. मी ते मासिक मोठ्या हौसेने समोरच्या वहिनींना दाखवलं. वहिनींनी चष्मा लावला, काढला, पदराने पुसला, परत लावला आणि विचारलं, "कपडे यायचे होते का अजून?"

वरच्या मजल्यावर हेडमास्तर राहतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते आमच्या इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष आहेत आणि सगळ्या इमारतीला अजून चौथीचा वर्ग समजतात. त्यांनी मासिक हातभर लांब धरलं, मान डोलावली आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "पोरीला दुखतंय का काही? माझ्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. पोटाचे."

घरी आम्ही तिला चिमणी म्हणतो. नाव ठेवलं तेव्हा ती गुटगुटीत आणि जमिनीलगत होती. पुढे ती वाढायला लागली आणि थांबायचं नाव घेईना. आता घरात शिरताना दाराच्या चौकटीला मान देऊन शिरते. दोन वर्षांपूर्वी ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिच्याचसारख्या लांबलचक तीन मुलींबरोबर एका खोलीत राहायला गेली. त्या चौघी एकत्र उभ्या राहिल्या की खोलीत शिडीचं दुकान काढल्यासारखं वाटतं.

"चिमणे, टूथपेस्टची वगैरे जाहिरात का करत नाहीस?" मी तिला एकदा सहज विचारलं.

"बाबा, मी एडिटोरियल आहे. कमर्शियल नाही," ती म्हणाली. तिचा सूर असा होता, की एखाद्या सर्जनला दाढी करून देता का म्हणून विचारलं असावं.

मग तिने मला समजावून सांगितलं. या धंद्यात दोन कुळं आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. कमर्शियलवाले विमा, बिस्किटं, फरशी पुसायचं औषध असलं काहीबाही विकतात. ते शेजाऱ्यासारखे दिसावे लागतात. ते सतत हसतात आणि त्यांना पैसे चांगले मिळतात. हाय फॅशनवाले, म्हणजेच एडिटोरियल, मोठमोठ्या डिझायनरांचे कपडे घालून चालतात. त्यांनी कोणासारखंही दिसून चालत नाही. ते कधी हसत नाहीत आणि त्यांना मुख्यतः मान मिळतो. थोडक्यात, पैसे मिळतात ते हसतात आणि मिळत नाहीत ते हसत नाहीत. यात कला कुठे आली, ते मला कळलं नाही. आमच्या ऑफिसातही असंच आहे.

पण मला शांत बसवेना. मुलगी मॉडेल असून ती कुठे दिसतच नाही, आणि दिसली तर लोक डॉक्टर सुचवतात, ही कुठली प्रसिद्धी? मी ठरवलं, एकच जाहिरात मिळवायची. एकच. चौकात लागेल, वहिनी बघतील, हेडमास्तर बघतील, विषय संपेल.

"तिने मागितलंय का?" बायकोने विचारलं.

"मागायला कशाला पाहिजे? मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच विचारतेय," बायको म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. संसारात इतकी वर्षं काढल्यावर अशा वाक्यांकडे दुर्लक्ष करायला माणूस शिकतो. शिकू नये.

कमर्शियल कामासाठी हसरे फोटो लागतात. चिमणीचा शेवटचा हसरा फोटो शाळेच्या ओळखपत्रावर होता. तेव्हा फोटो काढायला माझ्या मेहुण्याला बोलावलं. मेहुणा फरशा विकतो. स्वतःच्या दुकानाच्या कॅटलॉगचे फोटो तो स्वतःच काढतो, त्यामुळे आपण छायाचित्रकार आहोत अशी त्याची समजूत झाली आहे. "उजेड सगळीकडे सारखा पडला पाहिजे," तो आल्या आल्या म्हणाला. "सांधे दिसता कामा नयेत." तो हे माझ्या मुलीबद्दल बोलत होता.

रविवारी चिमणी जेवायला आली, तर दिवाणखान्यात पडदा ताणलेला, चारी बाजूंनी दिवे आणि सोफ्यावर प्रेक्षक. वहिनी दार उघडं दिसलं म्हणून आल्या होत्या. हेडमास्तर आवाज कसला म्हणून आले होते. चिमणीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं आणि मुकाट्याने हातात दुधाचा ग्लास घेतला. पोर मुळात गुणाची आहे.

"दात दाखव गं," वहिनी म्हणाल्या. "जाहिरातीत सगळं दातांवर असतं."

"तोंडाने 'ई' म्हण," हेडमास्तर म्हणाले. "दीर्घ."

चिमणीने प्रयत्न केला. पण दोन वर्षं जिला हसू नकोस म्हणून दरडावलं गेलंय, तिला एकदम कुठून येणार? तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून दूध नासलंय की काय म्हणून बायकोने ग्लासचा वास घेतला. शेवटी मी उठलो. "यात एवढं काय अवघड आहे?" म्हणालो, ग्लास हातात घेतला, एक घोट प्यायलो आणि तिच्याकडे बघून झकास हसलो. असं, म्हणालो. मेहुण्याने बटण दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मेहुण्याने फोटो निवडून जाहिरातवाल्यांना पाठवायचे होते. त्याने सगळेच पाठवले. फरशांच्या धंद्यात नमुने सगळे दाखवायची पद्धत आहे.

चार दिवसांनी फोन आला. एका विमा कंपनीच्या जाहिरातीसाठी माणसं निवडायचं काम करणारा कोणी तरुण होता. "सर, फोटो बघितले. फारच अस्सल चेहरा," तो म्हणाला. माझा ऊर भरून आला. "धन्यवाद. नाक तिने आजीचं घेतलंय," मी म्हणालो. "तिचं नाही, सर. दूधवाले काका कोण आहेत?"

मी त्याला दोनदा समजावलं, की दूधवाले काका फोटोत चुकून आले. तो म्हणाला, तेच तर हवंय. चुकून आल्यासारखा माणूस आम्हाला पैसे देऊनही मिळत नाही. जाहिरात बाप आणि मुलीची होती. मी लगेच धूर्तपणे अट घातली, की मुलगीही येईल. "खरीखुरी बापलेक? अजूनच छान," तो म्हणाला. काम फत्ते झालं असं समजून मी त्या दिवशी ऑफिसात स्वतःच्या खर्चाने चहा सांगितला.

ठरलेल्या दिवशी चिमणीला आणायला मी तिच्या कामाच्या जागी गेलो. एका डिझायनरकडे कपड्यांचं माप बघणं चाललं होतं. मोठी, गार, रिकामी खोली. बसायला एकही खुर्ची नाही, खायला काही नाही, सगळे काळ्या कपड्यांत आणि कोणी कोणाशी मोठ्याने बोलत नव्हतं. मला वाटलं, कोणी गेलं की काय. मधोमध एका चौरंगावर चिमणी उभी. तोंडात टाचण्या धरलेला एक माणूस तिच्याभोवती फिरत होता आणि तिच्याविषयी तिच्या देखत बोलत होता. "हिचा हा खांदा ठेवू. तो नको." चिमणी पापणीही न हलवता उभी होती. एक टाचणी तिच्या कमरेला लागली, ते मला दिसलं, कारण लहानपणी इंजेक्शन घेताना ती डाव्या पायाचा अंगठा मुडपायची, तसा तिने तो मुडपला. चेहरा जसाच्या तसा.

"दुखत नाही का?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"दुखतं की," ती म्हणाली. "पण त्याने कापड हललं तर सगळं परत करावं लागतं. हा शो मोठा आहे, बाबा. शेवटी मी चालणार आहे." शेवटी चालणं म्हणजे मागे राहणं असं मला वाटलं, म्हणून मी म्हणालो, "असू दे, पुढच्या वेळी पुढे घेतील." नंतर कळलं, शेवटी चालणं हा त्यांच्यात सगळ्यात मोठा मान असतो.

जाहिरातवाल्यांकडचं जग एकदम उलटं. बोळभर खुर्च्या, टेबलावर बिस्किटांच्या बश्या आणि रांगेत बसलेली माणसं आपापल्या जागी एकटीच हसण्याचा सराव करत होती. आम्हाला आत बोलावलं. "मुलीने बाबांच्या खांद्यावर डोकं टेकायचं," तरुण म्हणाला. चिमणीने डोकं टेकायचा प्रयत्न केला तर माझा खांदा तिच्या कोपराशी. मग मला लाकडी खोक्यावर उभं केलं. मग तिला गुडघे वाकवायला सांगितलं. शेवटी मी खोक्यावर तोल सावरत आणि ती अर्धवट बसलेली, असे आम्ही बापलेक कॅमेऱ्यासमोर गोठलो.

विमा कंपनीच्या बाई मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "छान आहेत दोघं. पण बापलेक वाटत नाहीत."

"आम्ही आहोत," मी खोक्यावरून म्हणालो.

"असाल हो. वाटत नाही." मग त्या तरुणाकडे वळल्या. "आणि हिच्याकडे बघून विमा काढावासा वाटत नाही. कंपनी पैसे देईल का, अशी शंका येते."

तरुण बाहेर गेला आणि बोळातून एका मुलीला घेऊन आला. गोल चेहरा, दोन्ही गालांवर खळ्या, उंची बरोबर माझ्या खांद्याला. तिने माझ्याकडे बघून "बाबा" अशी हाक मारली आणि इतक्या मायेने मारली, की मी मागे वळून कोणाचा बाप आलाय ते बघितलं. तिने डोकं टेकलं. खोलीतले सगळे एकदम "हां" म्हणाले.

चिमणी कोपऱ्यात आपली पिशवी खांद्याला लावून उभी होती. मी नकार देणार होतो. अगदी तोंड उघडलं होतं. पण ती म्हणाली, "घे हे काम, बाबा. त्यांना तू आवडलायस." मला कोणी इतक्या एकमताने निवडल्याला फार वर्षं झाली होती. मी घेतलं.

पुढचे सोपस्कार सांगण्यासारखे नाहीत, तरी सांगतो. आधी त्यांनी मला 'होल्ड'वर ठेवलं. म्हणजे काम नक्की नाही, पण दुसरं काही ठरवायचं नाही, केस कापायचे नाहीत आणि मिशीला हात लावायचा नाही. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात तशी त्यांनी माझी मिशी धरून ठेवली. ऑफिसात रजेचा प्रश्न आला. जाहिरातीत काम करायला रजेचा प्रकारच नव्हता. आजारपण, लग्न, मृत्यू यांतलं काहीतरी निवडा, असं हेडक्लार्क म्हणाला. साहेबांकडे परवानगी मागायला गेलो, तर साहेबांनी दार लावून घ्यायला सांगितलं आणि विचारलं, "पूर्ण कपड्यांत आहे ना?"

आणि एवढं होऊन चित्रणाची जी तारीख ठरली, ती नेमकी चिमणीच्या शोची. तिने माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवायला लावली होती. त्यावर माझं नाव चिकटवणार होते. "दुपारपर्यंत सोडतील," मी म्हणालो. त्यांनी सोडलं नाही. चित्रणासाठी उभारलेल्या, छत नसलेल्या एका घरात, माझ्यापेक्षा चांगल्या सोफ्यावर बसून, मी दिवसभर परक्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. शोला एकटी बायको गेली. परत आल्यावर तिने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला आणि म्हणाली, "अहो, सगळे उठून उभे राहिले होते." मी विचारलं, "शो संपला म्हणून?" ती ग्लास तसाच ठेवून आत निघून गेली.

महिन्याभराने चौकात फलक लागला. आमच्या इमारतीच्या फाटकासमोरच. मी तीन मजली. माझ्या खांद्यावर खळ्यांसकट ती मुलगी. खाली ठळक अक्षरांत: "तिचं हसू, तुमची जबाबदारी."

सकाळी फाटकाशी वहिनी भेटल्या. डोळे भरून आले होते त्यांचे. "शेवटी अंगावर मांस धरलं हो चिमणीने," त्या म्हणाल्या. "किती गोड दिसतेय. खळी आधी नव्हती ना?"

"नव्हती," मी म्हणालो. हे खरंच होतं.

"वयाने पडते," हेडमास्तर मागून म्हणाले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मी म्हणालो नव्हतो? डॉक्टर बदलला की फरक पडतो."

इथे मी बोलायला हवं होतं. पण त्यांनी माझा हात सोडला नव्हता, आणि इतक्या वर्षांत त्या माणसाने माझा हात कधी धरला नव्हता. 'नाही' म्हणायची एक वेळ असते. ती टळली, की नाही म्हणणारा माणूसच लबाड ठरतो. दुपारपर्यंत सगळ्या इमारतीने माझं अभिनंदन केलं. संध्याकाळपर्यंत मला ते आवडायला लागलं. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली आणि "ताईंना सांगा, चांगल्या दिसतात" असा निरोप दिला. मी म्हणालो, सांगतो.

शनिवारी चिमणी घरी आली. मी तिला आणायला खाली गेलो होतो. लिफ्टमध्ये हेडमास्तर भेटले. त्यांनी मान वर करून तिला न्याहाळलं. त्यांचा चेहरा उतरला. "परत वाळलीस गं," ते म्हणाले. "फलकावर किती छान दिसतेस. तशीच राहा. बापाने एवढा जीव लावलाय."

चिमणीने माझ्याकडे पाहिलं. मी लिफ्टमध्ये किती माणसं मावतात त्याची पाटी वाचायला घेतली. पाटी लहान होती, ती लगेच संपली. मी ती परत वाचली.

"हो, काका," चिमणी म्हणाली. "राहते."

घरात आल्यावर तिने चपला काढल्या, हात धुतले, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं, रागावेल. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला उलट रागावता येतं.

"तू त्यांना सांगितलं का नाहीस, बाबा?"

"संधी मिळाली नाही."

"आत्ता लिफ्टमध्ये होती की." मग म्हणाली, "मला इतके दिवस वाटायचं, तुला माझं काम कळत नाही. ते चालतं. कितीतरी जणांना कळत नाही. पण मी तशी असते तर तुला आवडले असते, हे मला माहीत नव्हतं."

मला लाज वाटली. यात विनोदी काही नाही. ती जेवून गेली आणि बायको माझ्याशी त्यानंतर फक्त कामापुरतं बोलायला लागली.

अशा वेळी माणसाने शांत राहावं. पण इमारतीची वार्षिक सभा जवळ आली होती आणि हेडमास्तरांनी विषयपत्रिकेवर पाण्याच्या टाकीची गळती आणि गाड्या लावायच्या जागेचा वाद यांच्यानंतर "श्री. व कन्या यांचा सत्कार" असा विषय घातला होता. "कन्येला घेऊन या," ते म्हणाले. "पण फलकावरच्यासारखी तयार करून आणा. परवासारखी नको."

मी मेहुण्याला गाठलं. त्याला प्रश्न कळायला अजिबात वेळ लागला नाही आणि त्याचं उत्तरही तयार होतं. "त्या खळीवालीलाच बोलव. धंदाच आहे तिचा. दोन तास येईल, हसेल, गुच्छ घेईल, जाईल." मी त्याला म्हणालो, लाज आहे का तुला काही. मग घरी येऊन तिला फोन लावला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी काडी सोडून बुडत्या फळीला हात घातला.

"हो काका, येईन की," ती मुलगी गोड आवाजात म्हणाली. "पण तुमची मुलगी नाही का? त्या दिवशी कोपऱ्यात उभी होती ती तुमचीच ना?"

"हो. पण लोकांना ती ..." मी अडखळलो.

"तिला माझा नमस्कार सांगा. मी तिचे सगळे शो बघते. मी पण तीन वर्षं फॅशनवाल्यांच्या रांगांत उभी राहिले, काका. मला म्हणायचे, तुझा चेहरा फार ओळखीचा वाटतो. म्हणजे नको. मला कोणीही आपली मुलगी म्हणतं. मागच्या वर्षी माझे नऊ बाप झाले. एकालाही माझं नाव आठवत नसेल. सांगा काका, काय आहे माझं नाव?"

मला माहीत नव्हतं. मी दिवसभर तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता. मी माफी मागितली, नाव विचारून घेतलं आणि येऊ नकोस असं सांगितलं.

सभेला मी एकटाच गेलो. गच्चीत खुर्च्या मांडल्या होत्या. टाकी गळते हे सर्वानुमते मान्य झालं आणि दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली गेली. गाड्यांच्या वादात दोघे सभा सोडून गेले आणि खुर्च्या चांगल्या आहेत म्हणून परत आले. मग हेडमास्तर उठले. त्यांनी माझ्याबद्दल बरंच बोलून मुलींकडे बापांनी कसं लक्ष द्यावं यावर आणखी बोलून घेतलं. "पण कन्या कुठे आहे?" ते म्हणाले.

"ही काय," बायकोचा आवाज आला. ती जिन्याच्या दारात होती आणि तिच्यामागे, चौकटीला मान देऊन, चिमणी. कामावरून थेट आलेली. केस चापून मागे घेतलेले, भुवया कुठल्याशा कामासाठी पुसून टाकलेल्या, अंगात एका बाहीचा काळा झगा. वहिनींनी चष्मा काढला.

"भुवया कुठे गेल्या?" कोणीतरी हळूच विचारलं.

"जाहिरातीत बरी दिसतेस गं," हेडमास्तर अवघडून म्हणाले आणि गुच्छ कोणाला द्यावा या विचारात पडले.

मी उठलो. मला भाषणं येत नाहीत. मी म्हणालो, "मास्तर, जाहिरातीतली मुलगी भाड्याची आहे. ती चांगली मुलगी आहे, पण माझी नाही. माझी ही. तिचं काम मला कळत नाही आणि तिच्या शोला माझ्या नावाची खुर्ची रिकामी राहिली. तेव्हा सत्कार करूच नका, कारण जाहिरातीतला बापसुद्धा भाड्याचाच आहे."

टाळ्या वाजल्या नाहीत. टाकीतून पाणी गळल्याचा आवाज मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला. मग वहिनी उठल्या, हेडमास्तरांच्या हातातला गुच्छ काढून घेतला, चिमणीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाक गं जरा." चिमणी वाकली. वहिनींनी तिच्या गालाला हात लावून पाहिला, माल अस्सल आहे की नाही ते बघतात तसा.

आता हे इथे संपलं असतं तर माझी अब्रू राहिली असती. पण दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूने माझं भाषण मोबाईलवर घेऊन जगाला दाखवलं. जगाला ते फार आवडलं. विमा कंपनीला आवडलं नाही. त्या तरुणाचा फोन आला. करारात म्हणे कलम होतं, की जाहिरातीतल्या नात्याबद्दल जाहीर बोलायचं नाही.

"सर, तुम्ही बाप असल्याचं नाकारलंत," तो म्हणाला.

"मी बाप आहे म्हणूनच बोललो."

"हो, पण आमच्या मुलीचे नाही ना."

आठवड्याभरात चौकात शिडी लागली. दोन माणसांनी माझा चेहरा कपाळापासून खाली सोलत आणला. मिशीपाशी जेवणाची सुट्टी झाली. दुपारनंतर तिथे दुसरा बाप चिकटवला. मुलगी तीच, सोफा तोच, खळ्या त्याच. तो गृहस्थ माझ्यापेक्षा गोरा, भरपूर केसांचा आणि खांद्याने रुंद. हेडमास्तरांनी फाटकाशी उभं राहून बराच वेळ तुलना केली आणि मला म्हणाले, "तुम्ही वाईट नव्हतात हो. पण हा जास्त बाप वाटतो."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला. तो गिळून मी तिथेच उभा होतो, तेवढ्यात चिमणी आली. तिने पिशवी खाली ठेवली, मान मागे केली आणि डोळे बारीक करून त्या माणसाकडे पाहिलं. टाचण्यावाला माणूस तिच्याकडे बघायचा तसं.

"कसा आहे?" मी विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता.

"चांगला आहे. दात छान आहेत," ती म्हणाली. "कमर्शियल आहे."

"आणि मी?"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. वाढलेली मिशी, न कापलेले केस, ऑफिसचा चुरगळलेला शर्ट. घाई केली नाही. मी डावा खांदा जरा सरळ केला.

"तुझं तसलं काम नाही, बाबा," ती म्हणाली. "तू एडिटोरियल आहेस."

मला हसू फुटणार होतं. समोरून वहिनी भाजीची पिशवी घेऊन येत होत्या आणि आमच्याकडेच बघत होत्या. मी चेहरा अगदी कोरा ठेवला. आमच्यात हसत नाहीत.